पहिला की दुसरा

"अगं, चढव ना हेडफोन. सगळे तुझ्यासाठी थांबलेत," सुरुची म्हणाली.

नीरजाने हेडफोन कानांवर चढवले. हात गार पडले होते. खराडीच्या त्या ऑफिसात एसी कायम कडाक्याचा असतो, हे खरं; पण आज कारण एसी नव्हतं.

कंपनी मराठी पुस्तकं ऐकवणारं ॲप चालवायची. मीडियाच्या शेवटच्या वर्षाला असलेली नीरजा तिथे इंटर्न होती आणि सुरुची तिची वरिष्ठ. आजची चाचणी साधी होती. एकच उतारा, एकच आवाज, दोनदा. एकदा माणसाने वाचलेला, एकदा मशीनने. कोणता कोणाचा ते सांगायचं नाही. अख्खं पुस्तक कोणत्या आवाजात ऐकाल, एवढंच विचारायचं. मशीन जिंकलं, तर वाचणाऱ्या सगळ्या माणसांना नमस्कार.

"तीन मतं पहिल्याला, तीन दुसऱ्याला," सुरुची म्हणाली. "तुझं शेवटचं. उगाच तत्त्वज्ञान नको, कानाला बरं वाटेल ते सांग. आणि खरं सांगू? ही माणसं गेली तर आमचे एडिटर पेढे वाटतील. प्रत्येकाचं रेकॉर्डिंग साफ करत बसायचं. श्वास काढा, घसा खाकरलेला काढा. स्वच्छ वाचा म्हणून सगळ्यांना मेल टाकून झाले. ऐकतंय कोण!"

आवाज दत्तप्रसाद कुलकर्णींचा आहे, हे सुरुचीला माहीत होतं. ते नीरजाचे बाबा आहेत, हे माहीत नव्हतं. आडनावावरून कुणाला शंकाही आली नव्हती. पुण्यात कुलकर्ण्यांना काय तोटा!

कॉलेजच्या सरांनी डिजिटल माध्यमांतल्या डिसरप्शनवर, म्हणजे नव्याने जुन्याला उखडण्यावर, रिफ्लेक्शन लिहायला सांगितलं होतं. "व्याख्या मला पाठ आहेत. स्वतः पाहिलेलं लिहा," असं वर बजावलं होतं. आठवडाभर डोकं खाजवून नीरजाचा जेमतेम एक परिच्छेद झाला होता. नवी गोष्ट आधी स्वस्त असते, सुमार असते. जाणकार तिला हसतात. त्यांचं हसून होईपर्यंत ती त्यांच्या खुर्चीत बसलेली असते.

बाबाही हसलेच होते की! मशीनचा पहिला नमुना ऐकून म्हणाले होते, "हा कादंबरी वाचतोय की गॅसचं बुकिंग घेतोय?" आणि त्याच हसण्याच्या भरात मशीनला आपला आवाज द्यायच्या करारावर सही करून मोकळे झाले. मग त्यांनी आजवर वाचलेली झाडून सगळी पुस्तकं मशीनला ऐकवली गेली.

हे लिहायचं कसं? बापाचं बुडणं उदाहरण म्हणून घालायचं आणि वर मार्क घ्यायचे? नीरजाला स्वतःचीच शरम वाटली होती.

नारायण पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत बाबा रेकॉर्डिंगला बसले की पंखा बंद, मिक्सर बंद, कुकर चढवायची बिशाद नाही. नदीकाठी ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की बाबा सगळ्या पथकाचा उद्धार करायचे. या वर्षी ढोल बडवून बडवून फुटायला आले, पण बाबांनी चकार शब्द काढला नाही. कामच नव्हतं. या चाचणीचा उतारा तेवढा आला होता. तरी रोज दार लावून आत बसायचे. घामेजून बाहेर यायचे, गरम पाणी प्यायचे, की परत आत.

"अहो, जरा फिरून तरी या," आई म्हणायची.

"कुठे? खराडीला?"

मग आई नीरजाच्या कानाशी लागायची. "बसू दे बाई त्यांना. पार खचलेत गं."

हेडफोनमध्ये पहिला उतारा सुरू झाला. आवाज बाबांचाच, पण गुळगुळीत. शब्द न् शब्द स्वच्छ. वाक्यामागून वाक्य येत होतं, कुठे अडखळणं नाही की दम खाणं नाही. बापरे, किती पुढे गेलं हे!

मग दुसरा. पहिलं वाक्य संपलं आणि पुढच्याच्या आधी श्वास ऐकू आला. लहानसा, नाकातून ओढलेला. लहानपणी गोष्ट ऐकताना तो श्वास आला की नीरजा पांघरुणात शिरायची, कारण आता राक्षस येणार हे तिला कळायचं. पुढे एका ठिकाणी घसा किंचित खरखरला. तिचे डोळे भरून आले.

"दुसरा," ती म्हणाली.

"नक्की?"

"शंभर टक्के."

सुरुचीने स्क्रीनवर काहीतरी टिपलं. निकाल सांगायची तिला परवानगी नव्हती. "चला, सुटलो एकदाचे," एवढंच ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये नीरजाने मोबाइलवर दुसरा परिच्छेद लिहून टाकला. मशीनला सगळं येईल, माणसाचा श्वास येणार नाही. कितीतरी दिवसांनी तिला जरा हलकं वाटत होतं.

घरी बाबा खिडकीशी बसले होते. तिने चपलाही काढल्या नाहीत.

"बाबा, टिकलं तुमचं काम! शेवटचं मत माझं होतं. मी तुम्हालाच दिलं."

बाबा उठून उभेच राहिले. "काय सांगतेस! म्हणजे जमलं म्हणायचं." त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "पण तू ओळखलंस? मला वाटलं होतं, तुलासुद्धा कळायचं नाही."

"न कळायला काय झालं? मशीनचं आपलं सपाट, एका दमात. तुमचा तो श्वास ऐकला आणि..."

"कुठला श्वास?"

"नेहमीचा हो. वाक्याच्या आधीचा."

बाबांनी तिचा हात सोडला.

"नीरू," ते म्हणाले, "स्वच्छ वाचा म्हणून मेल आला होता मला. इतके दिवस दार लावून दुसरं काय करत होतो? त्या अख्ख्या उताऱ्यात माझा एकही श्वास नाहीये."