दारातला उपास

वडिलांनी लिहिलेली कायद्याची पोथी मी एकट्यानेच ठेवून घेतली, म्हणून कॉनला नावाचा माझा धाकटा भाऊ आम्हा आयरिश लोकांच्या रिवाजाप्रमाणे न्याय मागायला माझ्या दारात उपाशी बसला.

तिसऱ्या दिवशी मी आतूनच म्हणालो, "ऊठ रे, गारठून मरशील."

"दादा, तू जेवलास?"

"तू दारात उपाशी असताना कसा जेवेन?"

तो धडपडत उठला. "तुझी प्रकृती आधीच तोळामासा. राहू दे पोथी तुझ्याकडे."

मी ओठांवरचं लोणी पुसलं. कॉनला पुन्हा कधी आला नाही.

वीस वर्षं मी त्याच पोथीतून न्याय शिकवतोय. एक पान आलं की मात्र मला खोकला येतो आणि मी पुढचं उलटतो. त्यावर वडिलांच्या अक्षरात लिहिलंय, 'दारात माणूस उपाशी असताना जो जेवला, त्याने कुणाचा न्याय करू नये.'