कारकून क्रमांक सात

विकसनशील देशांतला कायदा आणि कारभार शिकताना तिने प्रबंधाला विषय घेतला: सरकारी दप्तरातून जमिनीच्या फायली गायब कशा होतात. सात कारकुनांनी तिला आतल्या सगळ्या खाचाखोचा सांगितल्या, पण एकाच अटीवर. नाव कुठेही येता कामा नये. म्हणून दीडशे पानांत ते फक्त 'कारकून क्रमांक एक' ते 'सात' होते.

खुल्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तिला चांगलंच धारेवर धरलं. "नावंच नाहीत, तर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?"

"नावं फुटली तर त्यांची धडगत नाही, सर. मी मेले तरी सांगणार नाही."

टाळ्या पडल्या. मागच्या बाकावर सचिवालयातून आलेले एक गृहस्थ मात्र मघापासून प्रबंधाचं पहिलंच पान उघडून बसले होते. निघताना ते तिच्याजवळ थांबले.

"घरचं वळण चांगलं आहे हो तुमचं. कुणाचे उपकार विसरला नाहीत."

त्यांनी पान पुढे केलं. ऋणनिर्देश. आई-बाबांच्या खालोखाल तिने त्या सातही जणांचे मनापासून आभार मानले होते, नाव-हुद्द्यासकट. सहा नावांपुढे पेन्सिलीची बारीक खूण होती.

"या सातव्यांचा तेवढा पत्ता हवा होता."