शेवटच्या पानावरून

वर्षभरातला उत्तम शोधनिबंध निवडायचं काम विभागप्रमुखांकडे आलं. चाळीस निबंधांचा गठ्ठा त्यांनी तासाभरात हातावेगळा केला. प्रत्येक निबंध ते शेवटच्या पानावरून उघडत आणि संदर्भांच्या यादीत आपलं नाव शोधत. नाव नसलं की शेरा ठरलेला, "अभ्यास तोकडा." एका नवख्या संशोधिकेच्या यादीत मात्र ते तब्बल सात वेळा होतं. पहिला क्रमांक तिथेच ठरला.

बक्षीस घेताना ती माइकवर म्हणाली, "सर, भीतभीतच पाठवला होता. तुमच्या सातही लेखांतले आकडे बनावट आहेत, हे मी त्यात दाखवून दिलं, तरी तुम्ही मलाच निवडलंत. एवढं मोठं मन कुणाचं असतं?"

टाळ्या थांबेनात. सरांनी हसून मान डोलावली आणि टेबलाखाली तिचा निबंध हळूच पहिल्या पानावर उघडला.