मीठबंदी

मीठ निर्यात खात्याच्या मुख्य बाई घरी मात्र भाजीत मीठ घालायला हमखास विसरायच्या. "खातं मिठाचं आणि खाणं अळणी!" असं म्हणून मुलगा त्यांना चिडवायचा आणि ताट चाटूनपुसून साफ करायचा. लढाईत त्याच्या तुकडीला शत्रूने घेरलं. कुणीही वाचलं नाही, एवढंच लष्कराने कळवलं. मृतदेहसुद्धा घरी आला नाही.

बाईंनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. शत्रूच्या मुलखाला समुद्र नव्हता, त्यांचं सगळं मीठ इथूनच जायचं. मंत्र्यांच्या हात धुऊन मागे लागून बाईंनी ते बंद करवलं.

तिऱ्हाईत देशाचे राजदूत रदबदलीला आले, तेव्हा त्या कडाडल्या, "माझ्या जखमेवर चोळायला होतं ना त्यांच्याकडे भरपूर? तेच खा म्हणावं आता!"

काही आठवड्यांनी राजदूत शत्रूच्या मुलखात जाऊन पुन्हा आले. "मॅडम, थोडं तरी सोडा. तिथे मीठ आधी कैद्यांचं बंद केलंय, आणि कैदी तुमचेच आहेत."

"सैनिक आहेत, सोसतील," बाई म्हणाल्या. "माझा तर सोसायलाही उरला नाही."

"सोसतायत खरे," राजदूत उठता उठता हसले. "परवा एका पोराला विचारलं, जेवण कसं असतं रे?

म्हणाला, 'मीठ बंद झाल्यापासून अगदी आईच्या हातचं लागतंय!'"