पाणवठ्याचा तुकडा

राक्षस पडद्यावर आला तेव्हा सिनेमाच्या तंबूतली सगळी पोरं टाळ्या पिटत होती. बाळकृष्णानं त्याला लोळवला, पेटीवाल्यानं सूर चढवला, आणि बापाच्या मांडीला टेकून बसलेली राही खदखदून हसली.

मग पाणवठा आला. गवळणी घागरी भरत होत्या, एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या. त्यात भिण्यासारखं काहीच नव्हतं.

राही ताडकन उभी राहिली आणि किंचाळली, "आये!"

पेटी थांबली. खेळ बंद करून दिवे लावावे लागले. पोर थरथरत होती आणि पडद्याकडे बोट दाखवत होती. अख्खा तंबू हसत सुटला.

धर्माजीनं पोरीला उचललं आणि मान खाली घालून तो बाहेर पडला. उरणजवळच्या मिठागरावर तो मुकादम होता. उधाणात बांध फुटला की छातीभर पाण्यात पहिला उतरायचा. आज त्याला कुठं तोंड लपवू असं झालं होतं. एवढी शरम त्याला यापूर्वी एकदाच वाटली होती.

सकाळी मिठागरावर काळूरामनं संधी सोडली नाही. मीठ ओढता ओढता तो म्हणाला, "मुकादम, राक्षसाला न्हाय भ्याली आनि पानी भरनाऱ्या बायांना भ्याली? तुमची पोर उद्या घागरीला पन भिल!"

बाकीचे हसले. एरवी धर्माजीनं त्याला चांगला फैलावर घेतला असता. आज तो नुसता फावड्याकडे बघत राहिला.

घरी राहीला ताप भरला होता. धर्माजीची थोरली बहीण सोनाबाई मीठमिरच्या ओवाळत होती. त्याची बायको काशी गेल्यापासून तीच पोरीचं सगळं बघायची.

"रातभर आय आय करते," सोनाबाई म्हणाली. "पेज तोंडाला लावीत न्हाय. बिनआयची पोर, भ्या वाटलं का मेलेल्या आयलाच हाक मारनार."

धर्माजीनं मान खाली घातली. काशी खाडीवर कालवं काढायला गेली होती, ती परत आलीच नाही. तिची टोपली बांधाखाली धर्माजीलाच सापडली. प्रेत मिळालं नाही, म्हणून दर्भाचा पुतळा करून जाळला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भावकी उन्हात ताटकळली, नाही नाही ते नवस बोलून झाले. "पोरीपायी जीव अडकलाय तिचा," म्हणून बाया रडल्या. शेवटी दर्भाचाच कावळा करून पिंडाला लावला. तेव्हाही धर्माजी असाच मान खाली घालून बसला होता.

"माजं ऐक, धर्मा," सोनाबाई म्हणाली. "तिला आज परत ने. जे बघून भ्याली तेच पुन्ना बघंल, तवाच भ्या निघंल."

"पुन्ना गावाला हसवू?"

"गाव हसंल नि इसरंल. पोर अशीच ऱ्हायली तर काय करशील?"

राही अंथरुणातून बापाकडे टक लावून बघत होती. "बा, नेशील?" तिनं विचारलं. सोनाबाईला नवल वाटलं. भ्यालेली पोर आपणहून जायचं म्हणते, हे चांगलं लक्षण होतं.

धर्माजी उठला आणि तडक तंबूवर गेला.

मालक अनंतराव चहा घेत होते. मुकादमाचं म्हणणं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, पाणवठा कापू? राक्षस कापा म्हणालात तर समजू शकतो!"

"पोरं भितात," धर्माजी म्हणाला. तंबूची जागा मिठागराची होती. मुकादमाला नाही म्हणणं अनंतरावांना परवडण्यासारखं नव्हतं. त्यांनी रीळ काढलं, पट्टी उन्हात धरली आणि कात्री मागवली.

"ही मधली बाई बघा, काय निर्मळ हसते! हिला बघून पोर घाबरलं?"

धर्माजीनं बघितलं नाही. त्यानं कापलेली पट्टी घेतली आणि कमरेला खोचली.

संध्याकाळी तो राहीला घेऊन पुढेच बसला. सोनाबाईही आली होती. राक्षस आला, पडला. राही या वेळी हसली नाही. ती नुसती डोळे फाडून बघत होती. पाणवठा आलाच नाही. गोकुळात लोणी घुसळलं गेलं, रथ आला, खेळ संपला. पोरीनं तोंडातून आवाजसुद्धा काढला नाही.

"शाबास गं!" काळूराम मागून ओरडला.

दिवे लागले तरी राही पडद्याकडेच बघत होती. मग ती हळूहळू हुंदके द्यायला लागली.

"आता कशाला रडतं हे?" काळूरामनं विचारलं.

"रडू दे," सोनाबाई समाधानानं म्हणाली. "भ्या भाईर पडतंय."

घरी आल्यावर सोनाबाई पाणी आणायला गेली. धर्माजी चुलीपुढं बसला. कमरेची पट्टी काढून त्यानं जाळाकडे नेली, आणि त्याचा हात थांबला. जाळाच्या उजेडात चित्र स्पष्ट दिसत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

राही दारात उभी होती. "बा, काय जाळतोस?"

"तुजं भ्या," तो म्हणाला. तिच्याकडे बघायची त्याला लाज वाटत होती.

त्यानं पट्टी चुलीत टाकली. तेल ओतावं तसा भडका उडाला आणि घर लख्ख उजळलं. काशीला तो दुसऱ्यांदा जाळत होता, आणि ती जिवंत आहे हे या खेपेलाही त्याला ठाऊक होतं.