अख्खं वाक्य

"मामा, स्लांग!"

रूपालीने मान वर केली नाही. चिमट्याच्या टोकात निवडुंगाचं वाळलेलं फूल होतं आणि त्याच्याभोवती नुकत्याच उमललेल्या फुलांचं गुलाबी कडं. हात जरा हलला असता तर त्यातली दोन-चार गेलीच असती.

"मामा पुण्यात आहे," ती म्हणाली. "मी कोण?"

संहिता काचघराच्या मागच्या दारात, उंबऱ्यावर, मांडीत लाल बादली घेऊन बसली होती. तिच्यापुढे पांढरी वाळू थेट पाईनच्या झाडांपर्यंत पसरली होती. त्यांच्या वाखनिंगन गावापासून सायकलवर येण्याइतक्या अंतरावर ही वाळू होती. समुद्र कुठेच नाही आणि वाळू मात्र ही एवढी. लोक हौसेने याला वाळवंट उद्यान म्हणत. बुधवारी शाळा लवकर सुटायची, म्हणून रूपाली लेकीला घेऊनच इथे कामाला यायची. पगार नव्हता. पण नवऱ्याच्या नोकरीमागून परदेशात आलेल्या बाईला घराबाहेर पडायला एक जागा होती. तिचं डचसुद्धा इथेच तयार झालं होतं, कामापुरतं. माती, कुंडी, बादली. आणि पाणी घालायची रबरी नळी, तिला म्हणायचं स्लांग. हे सगळे शब्द तिला रीटने शिकवले होते. रीट सत्तरीची, बागेची सर्वेसर्वा.

आज आल्या आल्या रीटने तिला बाहेर बोलावलं होतं. काठीने वाळूत एक नागमोडी रेघ ओढून म्हणाली होती, "ॲडर. विषारी. थंडी संपली की उन्हं खायला बाहेर येतात." आणि मग थोडं थांबून, "मोठ्या माणसांना फारसं काही होत नाही." नुसतं संहिताच्या उघड्या घोट्यांकडे बघितलं.

रूपालीने आत येऊन लेकीला एवढंच बजावलं होतं, "उंबरा ओलांडायचा नाही हं." सापाचं नाव तिने मुद्दाम घेतलं नाही. भित्री पोर. उगाच रात्रभर गळ्यात पडून राहिली असती.

"मामा! स्लांग!"

"मराठीत सांग राणी. त्याशिवाय मला ऐकूच येत नाही."

हा नियम पाडव्यापासूनचा. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर पुण्याची आजी म्हणाली होती, "आईला मामा म्हणते, मग मामाला काय काका म्हणणार का गं? आणि मी आता दुभाषी ठेवू?" सगळे हसले होते. रूपालीही हसली होती, आणि फोन ठेवल्यावर ओट्याशी पाठमोरी उभी राहिली होती. पोरीला मराठी कळायचं सगळं. पण उत्तर डचमध्ये. अगदीच मागे लागलं तर एखादा मराठी शब्द. अख्खं वाक्य आजवर एकदाही नाही.

बाहेर फार शांत होतं. मघापर्यंत वर कुठेतरी चंडोल गात होता, तो थांबला होता. दाराजवळच्या मोठ्या दगडावर एरवी हिरवे सरडे उन्हात पसरलेले असत. विणीचे दिवस, त्यांची पळापळ चालायची. मघाशी येताना तिने पाहिलं होतं, दगडावर आज एकही नव्हता.

"न-ळी," रूपालीने आवाज दिला. "म्हण बरं."

"नळी." आवाज बारीक होता.

"शाब्बास माझी चिमणी! कशी आहे नळी?"

"लांग."

"लां-ब."

"लांब."

रूपालीचा जीव सुपाएवढा झाला. दोन शब्द! ओळीने दोन! वाळलेलं फूल सुटून चिमट्यात आलं. कडं शाबूत राहिलं. आता रोपांना पाणी घातलं की आजचं काम संपलं. नळी नेहमी मागच्या दाराशीच वेटोळं करून पडलेली असायची, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर.

"आण बरं ओढून आईकडे. उठू नकोस. बसल्या बसल्या हात लांब कर, पुरेल."

बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

तेवढ्यात पुढचं दार ढकलून रीट आत आली. तिच्या खांद्यावर हिरव्या नळीचं जाड वेटोळं होतं.

"झाली एकदाची दुरुस्त," ती म्हणाली. "सकाळपासून गळत होती, म्हणून मी घरी घेऊन गेले होते. शोधत होतीस का?"

रूपालीच्या हातातला चिमटा फुलांवर पडला. स्लांग. डचमध्ये सापालाही हाच शब्द होता. ती वळली. काचघर लांबच लांब होतं, दोन्ही बाजूंना काटेच काटे, आणि त्या टोकाला, दाराच्या उजेडात, पोरीची पाठ दिसत होती. एक हात बाहेर गेलेला. हालचाल नाही. तिला हाक मारायची होती. पण हाक ऐकून पोर दचकली तर?

तिकडून आवाज आला. हळू, एकेक शब्द शोधत, शाळेत बाईंना धडा म्हणून दाखवावा तसा.

"आई, नळी माझ्याकडे बघतेय."