नऊ मार्कांचं छत

"छत पक्कं आहे का?" टॅबवर पहिलाच प्रश्न. किर्तीनं वर पाहिलं. सकाळीच तिथून परातीएवढा गिलावा जिज्ञासाच्या उशीवर कोसळला होता. पोरगी दात घासायला उठली होती म्हणून वाचली. आता वर गंजलेल्या सळ्या दिसत होत्या. दातओठ खात किर्तीनं 'हो, सिमेंटचा स्लॅब' यावर बोट ठेवलं. दुसरं काही लिहायला जागाच नव्हती.

देशोदेशीची घरं एकाच पट्टीनं मोजायची, हे तिच्या कंपनीचं काम. मनिला, नैरोबी आणि उल्हासनगरचा कॅम्प चार. अंबरनाथ, बदलापूर मोजून झालं होतं. एक घर कमी पडलं, तेव्हा तिचे साहेब, विनीत सर फोनवर म्हणाले, "तुझंच भरून टाक ना!" नळ घरात? हो. संडास घरात? हो. छत डोक्यात पडेल का, हे कुणाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नव्हतं. घर पाहावं बांधून म्हणतात. ही बिल्डिंग बांधणारा वाळूच्या जागी दगडाची भुकटी कालवून केव्हाच पसार झाला होता.

"किती आले?" खाटेवरून सासऱ्यांनी, हिरामण यांनी विचारलं.

"दहापैकी नऊ."

"मग? फॉरेनच्या वर गेलो की! कशाला सोडायचं घर?"

किर्तीचं डोकं फिरलं. दोन पावसाळे हेच चाललं होतं. घर रिकामं केलं की ताबा गेला, परत कोण देतो? नवऱ्याचं, सुजितचं, त्याहून भारी: बाबा हलत नाहीत, मग मी कसा हलू? बापलेकाच्या हट्टापायी पोरीचा जीव टांगणीला. तिनं टॅब खाटेवर फेकला.

"बस्स झालं, बाबा! आजच पोरीला घेऊन जाते मी. सुजितला यायचं तर येईल, नाहीतर राहील. तुम्ही मरा इथं, नऊ मार्कांखाली!"

हिरामण ताडकन उठले. उशीखालून किल्ली काढून त्यांनी तिच्या तळहातावर आपटली.

"एवढं बोलायला दोन पावसाळे लावलेस होय गं? बदलापूरला खोली घेऊन ठेवलीय. सुजित माझं ऐकत नाही, तू त्याला ओढून ने. गोडीत सांगितलं असतं, तर तूही मला सोडून हलली नसतीस, म्हणून अडून बसलो. ताबा ठेवायला एक माणूस बास आहे. ज्याचं आयुष्य कमी उरलंय ते."